सोळा कुंड्या आणि शालिग्राम वाढपी

वाशीमकडच्या रिठदला लग्न ठरलं की भटजी, मांडववाला आणि शालिग्राम वाढपी या तिघांना एकाच दिवशी निरोप जातो. भटजी बदलून मिळतो. मांडववाले तर आता दर फाट्यावर झालेत. पण शालिग्रामभाऊ त्या दिवशी दुसऱ्या मांडवात गुंतलेले असले, तर लोक तारीख मागेपुढे करायलाही तयार होतात, आणि भटजींना तसा मुहूर्त सापडतोही.

माणूस दिसायला काही विशेष नाही. वय एकाहत्तर, पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, गुडघे कुरकुरणारे. पोटाचा धंदा भाजीपाल्याचा. गावाला लागून दीड एकर रान आणि एक विहीर, त्यात वांगी, मिरची, कोथिंबीर. पन्नास वर्षं त्यांनी त्या रानातून रिसोडच्या बाजाराला भाजी पुरवली, तरी गाव त्यांना वाढपी म्हणूनच ओळखतं. या कामाचं त्यांनी कधी कुणाकडून नारळाखेरीज काही घेतलं नाही.

वाढण्यात काय मोठी कला, असं ज्याला वाटत असेल त्यानं एकदा त्यांच्या हाताखाली जेवून पाहावं. हातात वरणाची बादली आली की गुडघे कुरकुरायचं विसरतात. कुणी "नको" म्हणून पानावर हात आडवा धरला, तर हे मुकाट्यानं पुढे निघून जातात, आणि तो गडी हात काढून शेजाऱ्याशी बोलायला लागला की मागून येऊन दोन पुऱ्या टाकून मोकळे. रक्तातली साखर वाढलेली, दात पडलेली माणसं त्यांच्यासमोर दुसऱ्यांदा बुंदी खातात. "'नाही' थे तोंड म्हनते," असं त्यांचं सांगणं. "पोट काय म्हनते थे वाढनाऱ्यानं वळखाव लागते." हल्ली लग्नांत बफे आला आहे, त्याचं नाव त्यांच्यापुढे काढू नये. हातात ताट घेऊन रांगेत उभी राहिलेली माणसं पाहिली की त्यांना त्या सगळ्यांची कीव येते.

आग्रहाइतकाच त्यांचा दुसरा नियम पक्का. पंगतीत भेद करायचा नाही. सभापती असो की सोयाबीन सोंगणारा मजूर, पहिल्या फेरीत एकाच्या पानावर जेवढं, तेवढंच शेजारच्याच्या. वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीतही बुंदी मिळते म्हणतात. ते रिठदला चालत नाही. खुद्द त्यांच्या लेकीच्या, तनुजाच्या लग्नात नवरदेवाच्या मामानं रांग अर्ध्यावर असताना आणखी जिलेबी मागितली. शालिग्रामभाऊ म्हणाले, "मामासायेब, आदी रांग पुरी होऊ द्या." मामा रुसला आणि पानावरून उठायला निघाला. शालिग्रामभाऊंची बायको कस्तुराबाई मामाची समजूत काढायला धावल्या. पण जिलेबी रांग पुरी झाल्यावरच मामाच्या पानात पडली, आणि मग एवढी पडली की मामाला रुसवा सांभाळणं जड गेलं. पुढे कित्येक वर्षं हा किस्सा आसपासच्या गावांत सांगितला जात होता.

अशा माणसाच्या हातून पंगतभेद झाला. तोही माणसांच्या पंगतीत नाही, कुंड्यांच्या.

झालं ते असं. शालिग्रामभाऊंचा मुलगा दिनेश जवळच्या मालेगावला मोटारसायकली दुरुस्त करतो. त्याची बायको शुभांगी अनसिंगची, कृषी पदविका केलेली. चार वर्षांपूर्वी सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच जेवणात तिनं "पुरे" म्हटलं आणि सासऱ्यानं तिच्या ताटात तिसरी पोळी टाकली. तिनं ती संपवली, पण कितीतरी वेळ लावून. घरातले सगळे हात धुऊन उठले तरी ही आपली शांतपणे एकेक घास चावते आहे. शालिग्रामभाऊ तिचं होईपर्यंत ताटासमोर बसून राहिले. तेव्हापासून त्यांची रीतच पडली. सुनेचं जेवण होईपर्यंत सासरा उठत नाही, याची गल्लीत थट्टा होते, आणि दोघांनाही तिचं काही वाटत नाही.

या शुभांगीनं एकदा वाशीमला मैत्रिणीच्या गच्चीवर कुंड्या पाहिल्या. कुंड्यांतली माती मैत्रिणीनं पिशवीतून विकत आणली होती. तिच्यात खत आधीच घातलेलं. कुंडी भरायची, रोप लावायचं आणि पाणी घालायचं, दोन-तीन महिने दुसरं काही बघायचं नाही. शुभांगीनं मातीची चिमूट घेऊन तळहातावर चोळली, आणि घरी आल्यावर संध्याकाळी चुलीपाशी विषय काढला. ती म्हणाली, असली माती आपणही करू शकतो.

"माती?" शालिग्रामभाऊ म्हणाले. "लोक माती इकत घेतात?"

"घेतात, मामाजी. शहरात माती कुठं हाये?"

"मंग थे उभे कायच्यावर हायेत?"

कस्तुराबाई तोंडाला पदर लावून हसल्या. शुभांगी मात्र हसली नाही. तिनं समजावून सांगितलं की गच्चीवर रानातली काळी माती चालत नाही. ओली झाली की घट्ट बसते, सुकली की तडकते, आणि मुळांचा जीव जातो. कुंडीला हलकी, भुसभुशीत आणि पोट भरलेली माती लागते. "पोट भरलेली" म्हटल्यावर सासऱ्यांचं मत निम्मं बदललं. दुसऱ्या दिवशी तेच तलावातला गाळ घमेल्यात भरून घेऊन आले.

गोठ्यामागे शुभांगीचा ढीग लागला. गाळ, सोयाबीनच्या मळणीतलं कुजवलेलं कुटार, गांडूळखत आणि तुराट्यांचा कोळसा. मापं चुकली, ढीग मोडले, पुन्हा लावले. पहिल्या मातीत मेथीसुद्धा उगवेना. दुसरीला बुरशी आली. दीड वर्षानं एक माती अशी जमली की मूठ दाबली तर लाडू होई आणि बोट लावलं की फुटून जाई. ती पिशवीत भरून शुभांगी मालेगावला उदयसिंगांच्या रोपवाटिकेत गेली.

उदयसिंग साठीचे, गोड बोलणारे पण व्यवहाराला चोख. त्यांच्या दुकानात तीन कंपन्यांची तयार माती आधीपासून होती. चौथी कशाला ठेवायची, असा त्यांचा रास्त सवाल. शेवटी ते म्हणाले, "ताई, बोलन्यानं मिरची लागत नाही. परीक्षा घेऊ. तीन कंपन्यांची आन चवथी तुमची. सगळ्याइच्या चार-चार कुंड्या, एकाच ट्रेमधली मिरचीची रोपं, पंचेचाळीस दिवस. तुमची बरोबरीले आली तं माह्या दुकानात त्याइच्या शेजारी लागंन. मागं राह्यली तं विषय संपला."

मग कुंड्या ठेवायच्या कुठे हा प्रश्न आला. त्यांच्याकडे ठेवल्या तर नोकर कुठली भिजवतील, कुठली विसरतील. उदयसिंगांनी थोडा विचार केला आणि स्वतःच म्हणाले, "तुमच्याच घरी ठेवा. पन तुमी हात लावाचा नाही. पानी शालिग्रामभाऊ घालतीन. तनुजाच्या लग्नात त्या मामाच्या बाजूले मीच जेवाले बसलो होतो."

हे शुभांगीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा शालिग्रामभाऊ उठले. दुपट्टा झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला, आणि कुंड्यांसाठी अंगणात जागा झाडायला लागले. आनंद झाला की त्यांना झाडायचं सुचतं.

शुभांगीला यातून काय हवं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या भावानं, अंकुरनं, रिसोडला कृषी केंद्राच्या काउंटरवर तिच्यासाठी काम पाहून ठेवलं होतं. माती जमली नाही तर तिकडे जायचं आणि दुसऱ्यांच्या पिशव्या विकायच्या, असं तिनं एकदाच सांगितलं. शुभांगी एक गोष्ट दोनदा सांगत नाही.

माघात सोळा कुंड्या आल्या. चार ओळी, प्रत्येक कुंडीवर रंगानं आकडा. चारही मातींचं एकेक पोतं उदयसिंगांनी शिक्का मारून दुकानात ठेवून घेतलं, मागाहून वाद नको म्हणून. शालिग्रामभाऊंनी आपली पाणी प्यायची पितळी लोटी मापाला घेतली. रोज सकाळी प्रत्येक कुंडीला एक लोटी, एक थेंब कमी नाही की जास्त नाही.

पहिल्या आठवड्यातच त्यांना चारही मातींचे स्वभाव कळले. पहिल्या कंपनीची माती काळी, चहाच्या पत्तीइतकी हलकी, आत साबुदाण्यासारखे पांढरे दाणे. तिला ते पुण्याची पाहुणी म्हणत. फुंकर मारली तरी उडायची. दुसरी सगळी नारळाच्या भुशाची. पाणी घटाघटा प्यायची आणि दोन दिवस ओलीच राहायची, वर बोट लावलं तर गार. तिसरीत खताचे रंगीत दाणे होते आणि तिला वास होता, दुकानातल्या नव्या पोत्याचा. त्यांना ती मनातून पटली नाही, पण लोटी तिलाही तेवढीच मिळाली. चौथी शुभांगीची. तिला पाणी दिल्यावर त्यांच्या स्वतःच्या रानाचा वास यायचा. शेजारचा ग्यानबा एकदा म्हणाला, "भाऊ, सुनेच्या कुंडीले दोन घोट जास्त गेले तं कोन पाह्यते?" त्यावर शालिग्रामभाऊ त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

विसावा दिवस उजाडला. तिसरी ओळ वीतभर उंच, पानं हिरवीगार. पहिली आणि दुसरी तिच्यामागोमाग. चौथी ओळ चार बोटं मागे.

शालिग्रामभाऊंनी पानं मोजली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. शुभांगी रोज संध्याकाळी कुंड्यांपाशी येई, हात लावायचा नाही असं कबूल केलं होतं म्हणून दोन्ही हात पाठीमागे धरी आणि बराच वेळ नुसती बघत उभी राही. मग काही न बोलता भाकरी टाकायला आत जाई. ते पाठीमागे धरलेले हात सासऱ्याला बघवेनात. पोरीनं दीड वर्ष गाळ उपसला, बोटं काळी करून घेतली, आणि आता तिच्या चार कुंड्या पंगतीत मागे बसलेल्या गरिबासारख्या दिसताहेत. त्यांच्या मनानं घेतलं की चौथ्या ओळीची माती उपाशी आहे. आणि एकदा कुणी उपाशी आहे असं त्यांच्या मनानं घेतलं, की पुढचं त्यांच्या हातात राहत नाही.

शिवारात गुलाबसिंगाच्या कोंबड्यांचं शेड आहे. तिथून त्यांनी थोडं कोंबडीखत दुपट्ट्याच्या टोकात बांधून आणलं. कस्तुराबाई अंगणातल्या चुलीवर पाणी तापवत होत्या. त्यांनी नवऱ्याला चौथ्या ओळीपाशी वाकलेलं पाहिलं.

"काय करून राह्यले?"

"काही नाही. गवत काढून राह्यलो."

कुंडीत गवत कुठून येणार. पण कस्तुराबाईंनी विचारलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस त्यांनी पन्नास वर्षं सांभाळला होता.

पहिल्या दिवशी चिमूटच टाकली, प्रत्येक कुंडीला एकेक. तीन दिवसांत फरक दिसेना, तेव्हा मूठ टाकली. चार दिवसांनी आणखी एक मूठ. यात त्यांची चूक कुठे झाली ते शेतकऱ्याला लगेच कळेल आणि शेतकऱ्याच्याच हातून ती होईल. कोंबडीखत गरम असतं हे त्यांना काय कुणी शिकवायला हवं होतं? पण जन्मभर त्यांचा हात रानाच्या मापाचा. रानात मूठभर खत टाकलं तर ते कुठे जातं ते रानालाही कळत नाही. खाली पाऊस मुरतो, बाजूला मुळं पसरतात, जास्तीचं निघून जातं. कुंडीत जायला जागाच नसते. त्यात ती माती आधीच पोटभर जेवलेली होती. शुभांगीनं तिचं सगळं माप तिच्यात घातलेलं होतं.

तिसाव्या दिवशी चौथ्या ओळीच्या पानांच्या कडा करपल्या. मग पानं आत वळली. बत्तिसाव्या दिवशी दोन रोपांनी माना टाकल्या.

शुभांगीनं ते पाहिलं तेव्हा शालिग्रामभाऊ हातात लोटी घेऊन उभे होते. ती खाली बसली, पान न तोडता जवळून बघितलं. "मापच चुकलं," ती म्हणाली. "कोळसा जास्त झाला, नाही तं गाळातच खार असंन. इतके दिवस कसं नाही दिसलं?" ती स्वतःशीच बोलत होती. शालिग्रामभाऊंच्या तोंडाशी शब्द आला होता, पण त्याच वेळी दिनेशनं मोटारसायकल सुरू केली आणि तो शब्द गिळायला त्यांना निमित्त मिळालं.

दोन दिवसांनी शुभांगीनं गोठ्यामागचा ढीग मोडायला घेतला. खारी माती लोकांच्या गळ्यात मारायची नाही, ती वांग्यात पसरून टाकू, असं तिचं ठरलं. पदर खोचून ती घमेली भरत होती. "मामाजी, दोन घमेले धरता का?" तिनं विचारलं. शालिग्रामभाऊंनी धरली. गोठ्यामागून वांग्यापर्यंत, आणि परत. त्या मातीत कुठलाही खार नाही हे साऱ्या वाशीम जिल्ह्यात एकट्या त्यांना ठाऊक होतं, आणि ते स्वतःच्या खांद्यावरून ती वाहून नेत होते. अकरा खेपा झाल्या. एवढं वजन त्यांनी तरुणपणीही कधी उचललं नसेल.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी कस्तुराबाईंनी त्यांना गाठलं. "सांगून टाका," त्या म्हणाल्या.

"काय सांगू?"

"मी चुलीपाशी होती. कुंडीत गवत नव्हतं."

शालिग्रामभाऊ खाटेवर बसले. "मी तिच्यासाटीच केलं."

"मले ठाव हाये. अती झालं की मातीच होते, मंग कोनासाटी का करा ना." एवढं बोलून त्यांनी नवऱ्यापुढे चहा ठेवला. चहा गार झाला तरी त्यांनी घेतला नाही.

सांगायचं म्हणजे नुसती चूक सांगायची नव्हती. उदयसिंगांनी कशाच्या भरवशावर कुंड्या इथे ठेवल्या होत्या? शालिग्राम वाढपी भेद करत नाही, या एका गोष्टीच्या. तेवढी गोष्ट सोडली तर या माणसाकडे दीड एकर रान आणि दुखरे गुडघे, दुसरं काय होतं? न सांगावं तर नाव राहतं आणि पोरीची माती जाते. सांगावं तर माती वाचेल कदाचित, पण पन्नास वर्षांचं नाव जातं. हा हिशेब ते रोज पहाटे मांडायचे आणि रोज ते लोटी घेऊन उठायचे.

त्याच आठवड्यात अनसिंगला शुभांगीच्या माहेरी चुलत्याच्या मुलीचं लग्न होतं. शालिग्रामभाऊंना वाढायला बोलावणं होतंच. पहिली पंगत बसली, त्यांनी भाजीची बादली उचलली, चार पानं वाढली आणि पाचव्या पानापाशी थांबले. पानावर बसलेला म्हातारा वर बघत होता. "वाढा ना भाऊ," तो म्हणाला. "तुमचाच भरवसा." शालिग्रामभाऊंनी बादली खाली ठेवली, अंकुरला बोलावलं आणि म्हणाले, "मले आज जमत नाही." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्यांना कुणी लिंबूपाणी दिलं, कुणी पंख्याखाली खुर्ची दिली. शुभांगी लांबून पाहत होती. परतताना एसटीत तिनं त्यांचा हात धरून नाडी बघितली, तेव्हा त्यांना रडू आवरेना. डोळ्यात धूळ गेली म्हणून त्यांनी दुपट्टा तोंडावर घेतला.

पंचेचाळिसाव्या दिवशी सकाळी उदयसिंग आले. त्यांनी चारी ओळी फिरून पाहिल्या. तिसरी सगळ्यांत उंच होती पण फुलं थोडी. पहिलीला फुलं भरपूर. दुसरी मध्यम. चौथीत दोन कुंड्या रिकाम्या आणि दोन रोपं करपलेली. उदयसिंगांना वाईट वाटलं असावं, कारण ते चौथ्या ओळीपाशी पुन्हा एकदा जाऊन आले.

"ताई," ते म्हणाले, "मेहनत तुमची लय, पन..."

"मले समजलं, काका," शुभांगी म्हणाली. "ढीग मोडला मी. काउंटरच्या कामाले सोमवारपासून जाऊन राह्यली."

"उदयसिंगजी," शालिग्रामभाऊ म्हणाले.

ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. सगळे त्यांच्याकडे वळले.

"मी पंगतभेद केला."

कुणाला काही कळलं नाही. दिनेश म्हणाला, "काय बोलून राह्यले बाबा?"

"चवथ्या ओळीत मी वरून कोंबडीखत टाकलं. माती उपाशी वाटली मले. तिच्या मातीत काही खोट नाही. खोट माह्या हातात हाये." मग शुभांगीकडे न बघता म्हणाले, "तू ढीग मोडला तवा घमेले मीच वाह्यले. तवाही नाही बोललो. थे जास्त वाईट झालं."

शुभांगीनं पहिल्यांदा विचारलं ते असं: "किती टाकलं?"

"आदी चिमूट. मंग दोनदा मूठ."

"चारी कुंड्याइत?"

"चारीइत. त्या चौघीत भेद नाही केला."

हसू येण्यासारखं होतं, पण हसायला कुणाला धीर झाला नाही. शुभांगीचा चेहरा लाल झाला होता. "मामाजी, माह्या मातीचं तसंच हाये," ती म्हणाली. "थे सावकाश देते. विसाव्या दिवशी मागं दिसते, चाळिसाव्या दिवसापर्यंत बरोबरीले येते. मी संध्याकाळी उभी राहून थेच मोजत होती. मले काळजी नव्हती." आणि ती आत निघून गेली.

शालिग्रामभाऊंना सगळ्यात जास्त ते लागलं. हजार माणसांची पोटं ओळखणाऱ्या माणसाला, जिच्या ताटासमोर चार वर्षं बसला, तिचं गप्प राहणं ओळखता आलं नव्हतं.

उदयसिंगांनी टोपी काढून पुन्हा घातली. "भाऊ, मी तुमच्या नावावर ठेवलं होतं," ते म्हणाले. रागावून नाही; रागावले असते तर बरं झालं असतं. "शिक्क्याचं पोतं माह्याकडं हाये. परीक्षा पुन्हा घेऊ, पन आता माह्या जाळीत, माह्या नजरेखाली. आन तुमी तिकडं फिरकाचं नाही."

"बरोबर हाये," शालिग्रामभाऊ म्हणाले.

चार दिवस शुभांगी त्यांच्याशी बोलली नाही. ताट वाढून पुढे ठेवायची आणि निघून जायची. दोन पोळ्या, भाजी, वरण, मोजून तेवढंच. आणखी हवं का, असं विचारणं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या "नको"ला भीक घातली नाही, तो चार दिवस मिळालं तेवढं खाऊन मुकाट्यानं हात धूत होता. स्वतःचं जेवण झाल्यावर मात्र तो आपल्या जागेवर बसून राही, सून स्वयंपाकघरात जेवायला बसली आहे आणि तिचं अजून व्हायचं आहे म्हणून. पाचव्या दिवशी ती ताट घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर बसली. सावकाश जेवली. शेवटचा घास झाल्यावर म्हणाली, "नवा ढीग लावाचा हाये, मामाजी. गाळ कोन आनंन?"

गाळ त्यांनी आणला. मापाला हात लावला नाही. ती सांगेल तेवढं घमेलं ओतायचं आणि बाजूला उभं राहायचं, एवढंच काम त्यांनी घेतलं.

मालेगावची परीक्षा ऐन उन्हाळ्यात जाळीखाली झाली. शालिग्रामभाऊ पंचेचाळीस दिवस मालेगावच्या बाजूला गेले नाहीत; तिकडचं एक लग्नही नाकारलं. दिनेश रोज संध्याकाळी येऊन पानं सांगायचा. शुभांगीची माती पहिली आली नाही. पुण्याच्या पाहुणीनं पहिला नंबर काढला, शुभांगीची दुसरी, आणि उदयसिंगांना तेवढं पुरे होतं. काउंटरच्या कामाला ती गेलीच नाही; ती जागा अंकुरनं दुसऱ्या कुणाला मिळवून दिली.

पिशव्यांवर छापायचा मजकूर शुभांगीनं दिनेशच्या फोनवर तयार केला. मातीत काय काय आहे, किती पाणी द्यायचं, उन्हात कशी ठेवायची. तिनं तो सासऱ्यांना वाचून दाखवला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "एक ओळ कमी हाये."

"कोनती?"

त्यांनी सांगितली. दिनेश हसला. म्हणाला, "बाबा, पिशवीवर असं कोनी लिहिते का? लोक हसतीन."

"हसू दे. पन वाचतीन." ते म्हणाले, "कोंबडीखत प्रत्येकाच्या घरी नसंन. जीव लावनारं मानूस प्रत्येकाच्या घरी असते."

शुभांगीनं मान खाली घालून ती ओळ त्यांनी सांगितली तशीच टाइप केली. आज मालेगावला उदयसिंगांच्या दुकानात त्या पिशव्या तीन कंपन्यांच्या शेजारी उभ्या आहेत. सगळ्या मजकुराच्या खाली, सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापलं आहे: "हे माती जेवलेली हाये. वरून आग्रह करू नोका." आणि त्याच्याखाली, सासऱ्यांनी हट्टानं घालायला लावलेलं नाव: शालिग्राम वाढपी, रिठद.